घट बसले होते, म्हणून थांबलो

माजलगावात मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, बाजूला माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. गेल्या नवरात्रात माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या. आज चालू आहेत. व्यायाम करणाऱ्या माणसाला असं काही होतं हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर सोडले तर माझ्या ओळखीतल्या कुणालाच नव्हतं. दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं, "किसनशेठ, नेमकं झालतं काय?" आणि मी म्हणतो, "काही नाही हो, उष्णता." खरं काय झालं ते एकदा नीट लिहावं म्हणून बसलो आहे. लाजेच्या गोष्टी आहेत यात, त्या लपवणार नाही, कारण लाजेपायीच सगळा घोटाळा झाला.

रिकामं घर

आमची श्रुती दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि लातूरला क्लासला लागली. तिला डॉक्टर व्हायचं आहे. आमच्या भागात पोरगी लातूरला गेली की आई सोबत जाते, खोली करते, डबा करते, आणि बाप मागे राहून दुकान सांभाळतो. घरोघर हेच चाललं आहे. मीही मोठ्या हौसेनं बायकोला, सुरेखाला, गॅसच्या टाकीसकट पोचवून आलो.

परत आल्यावर मात्र घर खायला उठलं. मी कुकरची शिट्टी ऐकायला तरसलोय असं कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. दुपारी वडापाव, संध्याकाळी खानावळीचा डबा, वर काउंटरवर दिवसभर चहा. पोट सुटलं. रक्त तपासलं तर साखर काठावर. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "शेठ, चालायला लागा, न्हाईतर गोळी लागंल."

मग मी ज्ञानोबामामांबरोबर धरणाच्या रस्त्यानं चालायला लागलो. मामा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, नात्यातले नाहीत, शेजारचे. हा माणूस चालतानाही मधूनच डावा हात पुढं करून गिअर टाकतो. पण मामा बोलत नाहीत. तासभर चालायचं आणि बोलायचं काय, तर "वारं सुटलंय." वजनही ढिम्म हलेना. मला कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि मामा तर रस्त्याकडं बघत चालायचे.

त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या माळ्यावर जिम निघाली. आकाश नावाचा पोरगा ती चालवायचा. त्यानं मला एकदा खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काका, चालून वजन उतरत न्हाई, चपला झिजतेत. लोखंड उचला. दम लागंस्तोवर उचला. मग बसल्या जागी चरबी जळतीय."

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "लोखंड कावून बे? वजनच उचलायचं आसंल तर सकाळच्याला मोंढ्यात जाय, हमाल लोक नगं म्हणणार न्हाईत."

मी जिमला लागलो. तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं होती. एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी पोरं विचारायची, "काका, काल कावून न्हाई आलात?" मला इमानदारीनं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच जायचो. दिवसभरात माझ्या असण्या-नसण्याची चौकशी करणारी ती एकच जागा होती. मामांबरोबरचं चालणं सुटलं. ते एकटेच जायला लागले.

घट

आमच्या घरात नवरात्राचे घट बसतात, आईच्या काळापासून. परडीत काळी माती, त्यात धान्य, मध्ये मातीचा घट, वरून रोज एक माळ, आणि बाजूला अखंड दिवा. दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही, घरच्यानं बाहेर मुक्काम करायचा नाही. नऊ दिवस एकवेळ फराळ, आणि सकाळी माळ चढेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. हे सगळं सुरेखा करायची. मी फक्त प्रसादाचा धनी.

फोनवर ती म्हणाली, "यंदा ऱ्हाऊ द्या, तुमाला झेपायचं न्हाई. देवीला मी हितून हात जोडते."

मला राग आला. झेपायचं न्हाई म्हणजे काय? म्हणालो, "घट आपल्या घरात बसतेत, लातूरच्या किरायाच्या खोलीत न्हाई. मी बसवतो."

आणि मनात दुसरंही गणित होतं. उपवास आणि जिम एकदमच केलं तर दिवाळीला मायलेकी येईपर्यंत पोट आत. दोघी दारात उभ्या राहून बघतच राहतील, असं चित्र मी रंगवलं होतं.

आकाशनं जिममध्ये नवरात्र चॅलेंज काढलं होतं. खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन बैठका, रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त, मध्ये दम खायचा नाही. पहाटे उठायचं, दाराला नुसती कडी घालून जिमला जायचं, घामानं निथळून यायचं, आंघोळ, पूजा, माळ, आणि मग पाणी. तोंडाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटायची. मला वाटायचं, देवी बघतीय. जिममध्ये मी उपवासाचं काही बोललो नाही. म्हातारा झाला म्हणून बाजूला बसवतील ही भीती.

पाचव्या माळेला पोरांनी माझ्याभोवती कडं केलं. टाळ्या वाजवत होते, "काका! काका!" मांड्या थरथरत होत्या, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, तरी मी खाली बसत होतो आणि उठत होतो. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याला किती वर्षं झाली असतील? लग्नात वाजवल्या असतील तर असतील. मी दांडा खाली ठेवला तेव्हा एका पोरानं मला मिठी मारली.

उष्णता

दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. कठड्याला धरून एकेक पायरी, तीही बसून. मांड्या टणक झाल्या होत्या, दाबलं तर जीव जायचा. पहिल्यांदा व्यायाम केल्यावर अंग दुखतंच, आकाश म्हणालाच होता. गल्लीतल्या डॉक्टरांकडून दुखण्याचं इंजेक्शन मारून घेतलं आणि दुकानात बसलो.

लघवी झाली ती काळ्या चहासारखी.

मी बघितलं आणि पाणी ओतून मोकळा झालो. उपवास आहे, उष्णता वाढली आहे, उन्हाळी लागली असेल. आमच्याकडं या दुखण्याला धन्या-जिऱ्याचं पाणी देतात. ते भिजत घातलं आणि दुसऱ्या दिवशी माळ चढवल्यावरच प्यालो. डॉक्टरांना सांगायचं मनात आलं होतं, पण दवाखान्यात बाया बसलेल्या, कम्पाउंडर ओळखीचा, लघवीचा रंग कुणापुढं सांगायचा? बायको असती तर तिनं तोंड बघूनच ओळखलं असतं.

ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. "दिवा दाखवा." मी फोन घटासमोर धरायचो. ती तिकडून हात जोडायची, "काजळी काढा, वात सारा," असं सांगायची. माझं तोंड सुजायला लागलं होतं, ते तिला दिसत नव्हतं. मला ते सोयीचं वाटलं. श्रुतीची टेस्ट होती त्या आठवड्यात, उगाच कशाला घोर लावायचा?

सातव्या माळेला पूजेला बसलो आणि उठताच येईना. घटासमोर जमिनीवर हात टेकून तसाच बसून राहिलो. दुकानाचं शटर अर्धंच उघडं बघून मामा वर आले. दारातून म्हणाले, "काय करायलास बे तिथं, ध्यान लावलंय का?" मग जवळ आले, माझ्या पायावर बोट दाबलं, खड्डा पडला. मामांनी लघवीचं विचारलं. मी सांगितलं. माझ्या आयुष्यात मामांएवढ्या शिव्या मला कुणी दिल्या नाहीत.

गल्लीतल्या डॉक्टरांनी बाटलीतला नमुना उजेडात धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. "आत्ताच्या आत्ता बीडला न्या. किडनीचा मामला हाय."

मी म्हणालो, "दसऱ्याला घट उठले की जातो."

होय, म्हणालो. आज लिहिताना हात थांबतो, पण म्हणालो. घराला कुलूप लागेल, दिवा विझेल, आणि सुरेखाच म्हणेल, सांगितलं होतं झेपायचं नाही. दिवा विझला आणि श्रुतीच्या परीक्षेत काही कमीजास्त झालं तर? असलं काहीबाही डोक्यात. शिकलेला माणूस आहे मी, बीएस्सी ॲग्री. तरी मी त्या खोलीत दिव्याजवळ पडून राहिलो. आठव्या माळेच्या सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि लघवी बंदच झाली. मला भीती वाटली तेव्हा घरात आवाज द्यायला कुणी नव्हतं. मी तरी "सुरेखा" म्हणून हाक मारली.

मामा गाडी घेऊन आले. सोबत मामी. मामींनी चपला बाहेर काढल्या, पदर खोचला आणि दिव्यापुढं बसकण मारली. "तेलावातीचं मी बघते. तुमी निघा आधी."

एवढंच हवं होतं. दोन दिवस आधी मागितलं असतं तर दोन दिवस आधी मिळालं असतं.

मशीन

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला सोप्या भाषेत सांगितलं. सवय नसताना, अंगात पाणी नसताना मांड्यांचे स्नायू एवढे ताणले की ते फुटले. त्यांचा गाळ रक्तात उतरला आणि किडन्यांत जाऊन तुंबला. वरून ते दुखण्याचं इंजेक्शन, तेही किडनीला वाईटच. "डायलिसिस करावं लागेल. किडन्या उठतील असं वाटतंय, पण उशीर केलात. नक्की सांगत नाही. नातेवाईक कोण आहेत?"

मामा पुढं झाले. "मी ड्रायव्हर."

"ड्रायव्हर नको, घरचं कुणीतरी पाहिजे."

मी मामांचा हात धरला. "मामा, सुरेखाला सांगू नका. टेस्ट होऊ द्या."

मामांनी हात सोडवून घेतला, बाहेर गेले आणि पाच मिनिटांत परत आले. "सांगितलं," म्हणाले. बस्स, एवढंच.

ती येईपर्यंतची पहिली डायलिसिस मी एकट्यानं काढली. मानेत नळी घातली होती. आपलं रक्त आपल्याच डोळ्यांसमोर नळीतून बाहेर जातं आणि मशीन फिरवून परत आणतं. थंडी वाजते, दात वाजतात, ब्लँकेटवर ब्लँकेट घातलं तरी आतून गार. मामा बाहेर, आत कुणाला सोडत नाहीत. छताचा पंखा बंद होता, त्याचीच पाती मोजत राहिलो, तीनच असतात तरी.

शेजारच्या खाटेवर गेवराईकडच्या एक बाई होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, सरावल्यासारख्या झोपलेल्या. त्यांनी विचारलं, "नवीन हाव का?"

म्हणालो, "हो. माझं तात्पुरतं आहे."

"आसंल," त्या म्हणाल्या. "मीबी पयल्यांदा तसंच म्हनलं व्हतं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग त्यांनी कूस बदलली आणि डोळे मिटले.

त्या एका वाक्यानं मी पडल्या पडल्या हिशेब करायला लागलो. मशीन कायमचं लागलं तर आठवड्यातून दोनतीनदा बीडला कोण आणणार? सुरेखाला लातूर सोडावं लागणार. श्रुतीचा डबा, खोली, क्लास, सगळं अर्धवट. पोरीच्या डॉक्टरकीचं माझ्या बैठकांनी वाटोळं होणार. मी डोळे मिटून देवीला एकच मागितलं: सुरेखाला लातूर सोडावं लागू नये. बरं कर असंसुद्धा म्हणालो नाही.

सुरेखा

ती लातूरहून अंबाजोगाईमार्गे एसटीनं आली. हातात पिशवी, पिशवीत माझा टॉवेल आणि कशाला कुणास ठाऊक, चकलीचा सोऱ्या. घाईत भांड्यांच्या कप्प्यातून हाताला लागेल ते भरलं होतं. माझी सुजलेली मान आणि नळी बघून ती खाटेच्या कडेला बसली.

"कावून सांगितलं न्हाई?"

"श्रुतीची टेस्ट होती."

"आन् तुमाला काय झालं आसतं, तर तिनं ती टेस्ट काय चाटायची व्हती का?"

ती पुढं म्हणाली, "मी रोज दिवा बघायले, हात जोडायले, आन् फोनच्या पाठीमागं तुमी मरायलेत!" मग ती रडली, शेजारच्या पेशंटची माणसं बघत होती तरी. मीही रडलो. इतक्या महिन्यांनी ती माझ्या शेजारी बसली होती आणि मला लाज वाटते सांगायला, त्या हालतीतसुद्धा मला बरं वाटत होतं.

दसऱ्याला मामांनी घटातलं उगवलेलं धन आणलं. मामींनी घट रीतीनं उठवले होते. सुरेखानं ते पिवळसर कोंब माझ्या कानावर खोचले. सिस्टर ओरडतील वाटलं, पण त्यांनी नुसतं बघितलं आणि पुढं गेल्या.

मग वाट बघणं. खाटेखाली प्लास्टिकचं मापाचं भांडं, त्यात काही येतंय का. कधी चमचाभर, कधी तेही नाही. डायलिसिस चालूच होत्या. सुरेखा ते भांडं उजेडाला धरून बघायची, दुधात पाणी किती ते बघावं तशी. आम्ही एकमेकांशी दुसरं काही बोलतच नव्हतो. तिच्या बहिणीला तिनं लातूरला श्रुतीपाशी पाठवलं होतं, पण ती बहीणसुद्धा किती दिवस राहणार? डॉक्टर राउंडला आले की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो.

एका सकाळी भांडं बऱ्यापैकी भरलं. रंग साधा, पिवळा. सुरेखानं सिस्टरला हाक मारली, सिस्टर म्हणाल्या, "अरे वा काका!" आणि आम्ही नवराबायको त्या भांड्याकडं बघून असे हसलो की समोरचा पेशंट उठून बसला. गेवराईच्या बाईंना हे सांगायला मला जमलं नाही. पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं झालं बापा. आता हिकडं येऊ नगा."

आकाश भेटायला आला तो दारातच उभा राहिला. "काका, तुमी पाणीबी पीत न्हवतात, मला काय म्हाईत? एकदा तरी बोलायचं व्हतं." त्याचे डोळे भरले होते. मी त्याला जवळ बसवलं. त्याचंही चुकलंच, नवख्या माणसाला एवढं घ्यायला लावायचं नसतं, हे त्याला आता कळलं आहे. पण उपाशी, तहानलेला मी होतो आणि ते फक्त मला माहीत होतं.

घरी

डॉक्टरांना मी विचारलं, चालणं बरं की वजन उचलणं? ते म्हणाले, दोन्ही बरं, दोन्ही करा. चालण्यानं दम वाढतो, वजनानं ताकद राहते. पण नवीन माणसानं थोडं थोडं वाढवत न्यायचं, पोटात अन्न आणि पाणी पाहिजे, आणि चढाओढ करायची नाही. सध्या मी मामांबरोबर चालतो. जिमवरून त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की आकाशकडं पुन्हा जाणार आहे, हलक्या वजनानं.

तुमच्यापैकी कुणी व्यायाम सुरू केला असेल, उपवास असेल, रोजा असेल, काहीही असेल, तर शिकवणाऱ्याला आधी सांगा. मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लाजू नका, थांबू नका. घरातल्या दिव्याला शेजारी तेल घालतात. मी बघितलंय.

दिवाळी आम्ही चौघांनी केली, सुरेखाच्या बहिणीसकट. दिवाळीनंतरच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, किडन्या छान चालू आहेत, मशीनचं नाव काढू नका. म्हणजे मी देवीला जे मागितलं होतं ते मला मिळालं.

मिळालं म्हणजे काय, तर दोन दिवसांनी सुरेखा बॅग भरायला लागली. श्रुतीचे क्लास सुरू होणार होते. मी दोघींना लातूरच्या गाडीत बसवलं, बॅगा वर टाकल्या, पाण्याची बाटली खिडकीतून दिली. श्रुती पुस्तक उघडूनच बसली. सुरेखा म्हणाली, "जेवण टाळू नका." गाडी गेली. मी स्टँडवरून पायीच घरी आलो, जिना चढलो, आता मांड्या दुखत नाहीत, सहज चढता येतो. वर कुणी नव्हतं. सकाळचा तिचा चहाचा कप मोरीत तसाच होता. तो धुवावा की राहू द्यावा हेसुद्धा मला कळेना.

संध्याकाळी तिचा फोन आला. पोचलो, जेवलात का, गोळी घेतली का. मी सगळ्याला हो म्हणालो. मग म्हणालो, "सुरेखा, मला करमत न्हाई गं."

लग्नाला अठरा वर्षं झाली, हे मी तिला कधी बोललो नव्हतो. तिकडून आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली.

"मला हितं लई करमतंय व्हय?" ती म्हणाली आणि तिचा आवाज कापरा झाला. मी बोलायला लागलो, काहीही, दुकानाचं, मामांचं. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा.

"हळू बोला," ती म्हणाली. "पोरगी वाचायलीय."

मग आम्ही हळू बोललो.